सिकलसेलच्या माणसाचं ‘साधं व्हायरल’

प्रश्न

नमस्कार डॉक्टर. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावातून लिहिते आहे. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा, सिकलसेलच्या एसएस पॅटर्नचा आहे, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सिकलसेल आलेला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. या पावसाळ्यात त्याला सर्दी-खोकला आणि ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी व्हायरल आहे म्हणून गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पाठ आणि बरगड्या दुखायला लागल्या, तेव्हा त्याच दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात भरती केलं. सलाईन आणि दुखण्याची इंजेक्शनं सुरू झाली. एक्स-रे चांगला आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो जरा बरा वाटला, आम्ही निश्चिंत झालो. तिसऱ्या रात्री त्याला दम लागला, ऑक्सिजन ८६ वर आला. १०८ ने नागपूरला नेलं. तिथे नाकाच्या स्वॅबमध्ये इन्फ्लुएंझा, म्हणजे फ्लू निघाला. पाच दिवस आयसीयूत मास्कच्या मशीनवर होता, दोन पिशव्या रक्त चढवलं. गेल्या आठवड्यात घरी आला, आता बरा आहे.

आई म्हणते, पावसात भिजू दिलं म्हणून झालं. मला वाटतं, आम्ही नेण्यात उशीर केला. व्हायरल होतं तर इतकी अँटिबायोटिक आणि रक्त कशासाठी? पुढच्या वेळी पुन्हा असं झालं तर? काका म्हणतात, त्याची नोकरी सोडवा आणि लग्नाचा विषय काढू नका. त्याला सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरियाची गोळी सुरू होती. ती कॅन्सरची गोळी आहे असं कोणीतरी सांगितल्यामुळे त्याने दोन वर्षांपूर्वी बंद केली. आम्ही काय करावं?

– एक बहीण

उत्तर

ताई,

उशीर तुमच्यामुळे झाला नाही. पाठ आणि बरगड्या दुखायला लागल्या त्याच दिवशी तुम्ही त्याला भरती केलंत, आणि घरच्यांनी करायचं ते एवढंच असतं. पुढे जे झालं ते रुग्णालयात, खाटेवर, सलाईन सुरू असताना झालं. हा आजार नेमका असाच वागतो. एसएस पॅटर्नचा माणूस दुखण्यासाठी भरती होतो, एक्स-रे स्वच्छ असतो, एक दिवस आराम पडतो, घरचे जेवायला म्हणून घरी जातात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती भरते. याला आम्ही ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतो. ताप, खोकला, छातीत दुखणं किंवा दम लागणं, आणि एक्स-रेवर आधी नसलेला नवा डाग, अशी त्याची ओळख. मोठ्या वयाच्या सिकलसेल रुग्णांच्या मृत्यूच्या मुख्य कारणांत तो मोडतो.

अमेरिकेतल्या ३० केंद्रांनी मिळून ५३८ रुग्णांमधल्या अशा ६७१ घटनांचा अभ्यास केला होता. तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातले जवळपास निम्मे रुग्ण दुसऱ्याच कारणासाठी, बहुतेक दुखण्यासाठी, भरती झाले होते. छातीचं निदान झालं ते भरतीनंतर सरासरी अडीच दिवसांनी. तुमच्या भावाचा तिसऱ्या रात्रीचा हिशेब याच्याशी अगदी जुळतो. म्हणून तुम्हाला, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक एसएस रुग्णाच्या घरच्यांना, माझं कळकळीचं सांगणं आहे की भरती केलं म्हणजे धोका टळला असं समजू नका. खरी पहाऱ्याची वेळ तिथून सुरू होते आणि पहिले चार दिवस चालते.

आता हे होतं कसं ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. सिकलसेलच्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब दांड्यांसारखं गोठतं, आणि पेशी वाकड्या, कडक होतात. ऑक्सिजन जितका कमी तितक्या जास्त पेशी वाकड्या. फ्लूसारखा विषाणू श्वासनलिकेत शिरला की तिथे सूज येते, कफ साचतो, फुप्फुसाच्या काही भागात हवाच नीट पोचत नाही. त्या भागातलं रक्त ऑक्सिजनविना राहतं, पेशी तिथेच अडकतात, बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. सुजेमुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरही चिकट झालेलं असतं. रक्त अडलं की ऑक्सिजन आणखी उतरतो, आणखी पेशी वाकड्या होतात. तापात माणूस पाणी कमी पितो, त्यामुळे रक्त घट्ट होतं. बरगड्या दुखतात म्हणून तो खोल श्वास घेत नाही, म्हणजे फुप्फुसाचा तळ मिटूनच राहतो. शिवाय दुखण्याच्या झटक्यात हाडातली मज्जा मरते, तिच्यातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाऊन बसू शकते. मोठ्या माणसांत हे कारण बऱ्याचदा सापडतं. तुमच्या-माझ्यासारख्या माणसाला जो फ्लू चार दिवस अंथरुणात पाडतो, तोच एसएसच्या माणसाच्या छातीत हे सगळं एकदम सुरू करू शकतो.

म्हणून ‘व्हायरल आहे’ हे वाक्य सिकलसेलच्या बाबतीत दिलासा म्हणून कोणी सांगितलं तर ते दिलासा म्हणून घेऊ नका. ते निदान बरोबर असेलही. पण इतरांच्या बाबतीत या निदानानंतर आपण घरी जाऊन झोपतो, आणि एसएसच्या बाबतीत या निदानानंतर नजर ठेवायची असते.

पुढच्या वेळी पुन्हा असं झालं तर, असं तुम्ही विचारलंत. धोका किती, ते खरं सांगतो. त्याच अमेरिकी अभ्यासात १०० पैकी १३ जणांना व्हेंटिलेटर लागला, आणि व्हेंटिलेटरवर गेलेल्यांपैकी ८१ टक्के त्यातून बाहेर आले. एकूण ५३८ पैकी १८ जण गेले. २० वर्षांवरच्या रुग्णांचा आजार लहानांपेक्षा जास्त गंभीर झाला. करोनाच्या पहिल्या लाटेत, मार्च ते मे २०२० मध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या १७८ सिकलसेल रुग्णांपैकी १२२ भरती झाले आणि १३ दगावले. त्यांचं सरासरी वय चाळिशीच्या आत होतं, म्हणूनच त्या आकड्याने आम्ही सगळे हादरलो. पण डॉक्टर अशा नोंदवहीत जास्त आजारी रुग्णच आधी भरतात, हेही ध्यानात ठेवा. घरी बरे झालेले त्यात कमी येतात. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत नेहमीच्या फ्लूपेक्षा चेस्ट सिंड्रोम आणि आयसीयूची गरज जास्त दिसली. म्हणजे कोणता विषाणू आहे त्यावरही बरंच ठरतं. श्वसनाचा विषाणू घेऊन भरती झालेले बहुतेक एसएस रुग्ण बरे होऊन घरी जातात, तुमचा भाऊ गेला तसेच. ज्यांचं बिघडतं त्यांचं मात्र काही तासांत बिघडतं, आणि म्हणूनच ते तास वाया जाऊ द्यायचे नाहीत.

आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये गर्भातल्या प्रकारचं हिमोग्लोबिन तुलनेने जास्त असतं, त्यामुळे भारतातला आजार सौम्य असतो असं तुम्हाला कोणी सांगेल. ते काही रुग्णांत खरंही असतं. विदर्भातल्या वॉर्डांत मी जे पाहिलं त्यावरून या भरवशावर कोणीही बसू नये असंच मी म्हणेन.

अँटिबायोटिक कशासाठी, हा प्रश्न अगदी रास्त आहे. स्वॅबमध्ये इन्फ्लुएंझा निघाला म्हणजे छातीत दुसरं काहीच नाही असं होत नाही. फ्लूच्या मागोमाग न्यूमोकोकससारखे जीवाणू येतात, आणि सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणापासून कामातून गेलेली किंवा अर्धवट काम करणारी असते. या जीवाणूंना रक्तातून गाळून काढण्याचं काम प्लीहेचं. त्या अमेरिकी अभ्यासात २७ निरनिराळे जंतू सापडले होते, त्यात क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्माही होते, ज्यांच्यावर साधी पेनिसिलिनसारखी औषधं चालत नाहीत. खाटेशी उभं राहून यातला कोणता जंतू आहे हे कुणालाच ओळखता येत नाही. म्हणून चेस्ट सिंड्रोममध्ये बहुधा सेफ्ट्रिॲक्सोनसारखं एक आणि ॲझिथ्रोमायसिनसारखं दुसरं अशी दोन अँटिबायोटिक देतात, आणि फ्लूचा संशय असेल तर ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषधही. ओसेल्टामिविर लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात उपयोगी पडतं, त्यामुळे स्वॅबच्या अहवालाची वाट पाहत ते थांबवू नये. नागपूरच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिली ते योग्यच होतं.

सलाईनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे भरती म्हणजे सलाईन असं समीकरण झालं आहे आणि नातेवाईकही ‘अजून एक बाटली लावा’ म्हणून मागे लागतात. सिकलसेलमध्ये शरीर कोरडं पडू देऊ नये हे खरं. पण गरजेपेक्षा जास्त सलाईन फुप्फुसात पाझरतं आणि आधीच सुजलेल्या छातीत पाणी होतं. माणूस तोंडाने पिऊ शकत असेल तर पाणी, ताक, पेज तोंडानेच द्यावी, आणि सलाईन मोजून, दिवसाला किती जातं आणि लघवी किती होते याचा हिशेब ठेवून द्यावं. दोन बाटल्या संपल्यावर तिसरी कशासाठी लावता हे तुम्ही नर्सताईंना जरूर विचारा. त्यात कुणाचा अपमान नाही.

तुम्ही स्वतः खाटेजवळ बसून सगळ्यात मोठं काम करू शकता ते श्वासाचं. दुखणाऱ्या बरगड्यांमुळे माणूस उथळ श्वास घेतो. त्यासाठी प्लास्टिकचं, आत तीन रंगीत गोळ्या असलेलं यंत्र मिळतं, स्पायरोमीटर. वॉर्डात मी जवळजवळ रोज पाहत आलो आहे की पेशंट त्यात फुंकतो. गाल फुगवून जोरात फुंकतो, गोळ्या हलत नाहीत, मग यंत्र उशाशी पडून राहतं. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. ताठ बसवा, आधी श्वास पूर्ण बाहेर सोडू द्या, नळी ओठांत घट्ट धरून हळूहळू आत ओढू द्या, गोळी वर गेली की दोन-तीन सेकंद तशीच धरून ठेवू द्या, मग सोडू द्या. जागेपणी दर दोन तासांनी असे दहा श्वास. हे किरकोळ वाटतं, पण अमेरिकेतच १९९५ मध्ये ८ ते २१ वयाच्या, छाती किंवा पाठ दुखत असलेल्या सिकलसेल रुग्णांवर याची परीक्षा झाली. यंत्र वापरलेल्या १९ भरतींपैकी एकात छाती बिघडली, न वापरलेल्या १९ पैकी आठांत. अभ्यास छोटा आहे आणि वय तुमच्या भावापेक्षा थोडं लहान आहे, तरी इतक्या स्वस्त वस्तूतून इतका फायदा दुसऱ्या कशात मिळालेला मला ठाऊक नाही. औषधाच्या दुकानात मिळतं, घेऊन ठेवा आणि भरती होताना सोबत न्या. झोपून राहण्यापेक्षा बसवा, जमेल तसं वॉर्डात चालवा.

यासाठी दुखणं कमी असायला हवं. वेदना सोसत पडलेला माणूस श्वास घेत नाही. उलट मॉर्फिन, ट्रॅमाडॉलसारखी औषधं जास्त झाली तर गुंगी येऊन श्वास मंदावतो. म्हणून भाऊ हाक मारल्यावर नीट जागा होतो का, मिनिटाला किती श्वास घेतो, हे तुम्ही मोजत राहा. शांत झोपला आहे म्हणून सोडून देऊ नका. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजा. २५ च्या पुढे गेलं, किंवा १० च्या खाली आलं, तर लगेच सांगा. डायक्लोफेनॅकसारखी इंजेक्शनं तापात आणि कमी पाणी प्यायलेल्या अवस्थेत किडनीला त्रास देतात. ती वारंवार चालू असतील तर तेही विचारा.

ऑक्सिजन मोजण्याचं बोटाचं यंत्र सिकलसेलमध्ये थोडं फसवं असतं. म्हणून भाऊ ठणठणीत असताना त्याचा आकडा किती असतो ते आताच दोन-चार वेळा पाहून वहीत लिहून ठेवा. पुढे कधी त्या नेहमीच्या आकड्यापेक्षा तीन-चारने उतरला, किंवा ९५ च्या खाली राहायला लागला, तर तो आकडा ‘चालतं’ म्हणून कुणाला सोडू देऊ नका. तसंच हिमोग्लोबिनचं. त्याचं नेहमीचं सात-आठ असेल तर सात पाहून वॉर्डात कुणी घाबरू नये, पण आठवरून साडेसहावर आलं तर छातीत काहीतरी शिजतंय असं समजावं. भरतीच्या दिवसाच्या एक्स-रेवर आणि रक्तावर भागत नाही. ताप टिकला, दम वाढला किंवा ऑक्सिजन उतरला की दोन्ही पुन्हा करायला हवीत. प्लेटलेट २ लाखांच्या खाली असणं हीही धोक्याची खूण आहे, कारण त्या रुग्णांत मेंदूवर परिणाम होण्याची भीती जास्त दिसली आहे. बोलणं अडखळलं, एक हात ढिला पडला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर मिनिटभरही थांबू नका.

आता स्टिरॉइड. दम लागला की डेक्सामेथासोनचं इंजेक्शन ठोकायची सवय आपल्या भागात खोल रुजलेली आहे, आणि करोनानंतर ती वाढली. सिकलसेलमध्ये स्टिरॉइड दिल्यावर एक-दोन दिवस छान वाटतं आणि थांबवल्यावर दुखणं दुप्पट जोराने उठू शकतं, पुन्हा भरती व्हावं लागतं. दमा असेल, किंवा करोनासारख्या आजारात ऑक्सिजन लागत असेल, तर मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर विचार करून ते देतीलही. पण गावातल्या दवाखान्यात ‘ताकदीचं’ किंवा ‘दमाचं’ म्हणून ते देऊ नका, असं स्पष्ट सांगा. सिकलसेल आहे हे आधी सांगा, इंजेक्शन नंतर घ्या.

रक्त कशासाठी, तर बाहेरून आलेल्या चांगल्या पेशी ऑक्सिजन वाहतात आणि वाकड्या पेशींचं प्रमाण कमी करतात. आजार फार वाढला तर रुग्णाचं रक्त काढून त्याच वेळी दुसरं चढवतात, त्याला एक्स्चेंज म्हणतात. एक सावधगिरी मात्र आहे, हिमोग्लोबिन १० च्या वर नेत नाहीत. रक्त घट्ट होऊन उलट अडकतं. त्यामुळे ‘आणखी एक पिशवी द्या, अंगात ताकद येईल’ असा आग्रह धरू नका. रक्त चढवल्यानंतर पुढचे दोन-तीन आठवडे त्याच्या लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवा. ती काळपट, कोकाकोलासारखी झाली, डोळे जास्त पिवळे झाले, दुखणं पुन्हा उठलं, तर अंगाने ते परकं रक्त मोडायला घेतलेलं असू शकतं. तेव्हा तालुक्यातच पुन्हा रक्त चढवण्याची घाई होऊ न देता थेट नागपूरला जा आणि मागच्या रक्ताची तारीख सांगा. त्याच्या रक्तगटाची सविस्तर जुळणी, म्हणजे आरएच आणि केल या उपगटांपर्यंतची, एकदा करून कागद जपून ठेवता आला तर फार बरं. सिकलसेल रुग्णाला सरकारी रक्तपेढीत रक्त मोफत मिळतं, त्यासाठी कोणी पैसे किंवा बदली रक्तदाता मागितला तर सिकलसेलचं कार्ड दाखवा.

एक प्लास्टिकची फाइल करा. वर एकच कागद असू द्या: एसएस पॅटर्न, नेहमीचं हिमोग्लोबिन, नेहमीचा ऑक्सिजन, कोणत्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, रक्त कधी चढवलं, आणि ठळक अक्षरात ‘आधी चेस्ट सिंड्रोम होऊन गेला आहे, मशीनवर होता’. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण एकदा झालेल्याला पुन्हा होण्याचा संभव जास्त असतो. हा कागद हातात असेल तर तालुक्याच्या रुग्णालयातला रात्रपाळीचा तरुण डॉक्टर लवकर निर्णय घेईल. ज्या ठिकाणी आयसीयू आणि रक्तपेढी नाही तिथून ऑक्सिजन ९० च्या खाली गेल्यावर रेफर करणं म्हणजे रुग्णवाहिकेतल्या रस्त्यावर जीव टांगणं आहे. तुमच्या भावाच्या बाबतीत तेच झालं, सुदैवाने तो पोचला. पुढच्या वेळी ताप १०१ च्या वर गेला, किंवा तापाबरोबर छाती-पाठ दुखायला लागली, तर गावातल्या गोळ्यांवर एक दिवसही काढू नका आणि शक्य असेल तर सरळ जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्या. तालुक्याला गेलात तर पहिल्याच दिवशी विचारा, ‘बिघडलं तर कुठे पाठवाल, आणि कोणत्या आकड्याला पाठवाल?’

आईंना सांगा, पावसात भिजल्याने फ्लू होत नाही. तो कुणाच्या तरी खोकल्यातून आला, दुकानात म्हणा की एसटीत म्हणा. गार पाण्याने, अंग गारठल्याने सिकलसेलचं दुखणं उठू शकतं हे खरं, त्यामुळे रेनकोट घाला हा त्यांचा आग्रह चालू राहू द्या. अपराधाची भावना मात्र त्यांनी सोडावी.

हायड्रॉक्सियुरियावर मी थोडं रागावून लिहिणार आहे, तुमच्यावर नाही, तर त्या सांगणाऱ्यावर. हो, ते औषध रक्ताच्या काही कॅन्सरमध्येही देतात. पॅरासिटामॉल डोकेदुखीतही देतात आणि डेंग्यूच्या तापातही, म्हणून डोकेदुखीवाल्याला डेंग्यू होत नाही. १९९५ साली २९९ मोठ्या वयाच्या सिकलसेल रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाने दुखण्याचे झटके, चेस्ट सिंड्रोम आणि रक्त चढवण्याची गरज, तिन्ही जवळपास निम्म्यावर आणली. ते गर्भातल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवतं आणि पेशी वाकड्या होण्याला अडवतं. ज्याला चेस्ट सिंड्रोम होऊन गेला आहे त्याने ते घ्यावं हे आता जगभर मान्य आहे. त्याची काळजी घ्यावी लागते: सुरुवातीला दर काही आठवड्यांनी रक्ततपासणी, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार उतरल्या तर काही दिवस थांबवणं. जोराचा ताप असताना चालू ठेवायचं की नाही हे त्या वेळच्या रक्ततपासणीवर डॉक्टर ठरवतील. पुरुषांत शुक्रजंतू कमी होऊ शकतात, म्हणून मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलावं. पण आपल्या मनाने बंद करायचं नाही, आणि दोन वर्षांनी आपल्या मनाने जुन्या डोसने सुरूही करायचं नाही. येत्या आठवड्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या करून मेडिसिनच्या ओपीडीत जा. चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांचं केंद्रही आहे, तिथेही विचारणा करता येईल.

सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं. आशाताई घरोघर जाऊन रक्त घेतात, कार्डं मिळतात, ते चांगलंच आहे. पण लहानपणी बालरोग विभागात नियमित येणारा मुलगा १८ चा झाला की त्याला सांभाळणारा ठरलेला डॉक्टर राहत नाही. मोठ्यांच्या वॉर्डात तो कधी ‘दुखण्याच्या इंजेक्शनसाठी येणारा’ ठरतो. त्याची गोळी बंद झाली तरी दोन वर्षं कोणी विचारत नाही, तुमच्या भावाचं झालं तसं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोठ्यांसाठी आठवड्यातून एक ठरलेली सिकलसेल ओपीडी हवी, हे मी मिळेल त्या ठिकाणी सांगत आलो आहे आणि सांगत राहीन.

लसींचं सोपं आहे. फ्लूची लस दरवर्षी घ्या. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि थंडीतही येतो, म्हणून मे-जूनमध्ये, पावसाळ्याआधी घेतलेली बरी. न्यूमोकोकसची लस त्याला कधी दिली होती का ते जुन्या कागदांत पाहा. नसेल तर आधी कॉंज्युगेट लस आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी दुसरी. मेनिंगोकॉकस आणि करोनाच्या लसीबद्दलही त्याच भेटीत विचारा. फ्लूची लस घरातल्या सगळ्यांनी घेतली तर त्याला जास्त संरक्षण मिळेल. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्या माणसाने मास्क लावावा, भावाने त्याच्या खोलीत झोपू नये.

काकांना माझा नमस्कार सांगा, आणि सांगा की नोकरी सोडवू नका. बसून करायचं, उन्हातान्हात न राबवणारं काम या आजारात चालतंच, शिवाय त्यातून मिळणारा पैसा आणि मान त्याला लागतो. दुकानमालकाशी बोलून पंख्याखाली बसायची जागा, जवळ पाण्याची बाटली आणि लघवीला उठायची मोकळीक एवढं मिळालं तरी खूप झालं. आजारपणातून नुकताच उठला आहे, तेव्हा पहिले काही आठवडे अर्धा दिवस करू दे. सिकलसेल हा आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात धरला आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करा. एसटीच्या प्रवासातही सिकलसेल रुग्णांना सवलत आहे, नागपूरच्या फेऱ्यांना उपयोगी पडेल.

लग्नाचा विषय त्याने स्वतः काढला तर काढू द्या. मुलीची तपासणी आधी करावी एवढीच अट. ती एए, म्हणजे सिकलसेल नसलेली असेल तर त्यांची सगळी मुलं एएस, म्हणजे वाहक होतील, आजारी एकही नाही. ती एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता निम्मी, आणि तेव्हा गर्भाच्या तपासणीबद्दल लग्नाआधीच बोलून ठेवावं. तुम्हीही स्वतःची इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे सिकलसेलचा पॅटर्न कळणारी रक्ततपासणी, केली आहे का हे पत्रात लिहिलं नाहीत. केली नसेल तर भावाच्या ओपीडीच्या दिवशी तुमचंही रक्त देऊन या.